पुळणीवरची धाकटी बत्ती

“उतरा साहेब,” हुसेनभाई म्हणाले.

“कुठं?”

“इथंच. खाली.”

आम्ही खाडीच्या तोंडाबाहेर, किनाऱ्यापासून चांगला अर्धा मैल समुद्रात होतो. चहूकडं पाणी. मी घाटावरचा माणूस. पोहायला शिकलो तो विहिरीत, तेही पाठीला सुका भोपळा बांधून. हुसेनभाई होडेकर म्हणजे हेदूळच्या तरीचे तांडेल. खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठाला नेण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. थट्टामस्करीचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी वल्हं आडवं धरलं आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिले. मला राग आला. रागाच्या भरात मी चपला काढल्या, विजार वर गुंडाळली आणि कुलदैवताचं नाव घेऊन होडीतून उडी टाकली.

पाणी गुडघ्याच्या वर चार बोटं आलं.

मी खुळ्यासारखा उभा राहिलो. पायाखाली वाळू होती आणि ती चांगली घट्ट होती, घोडागाडी चालवावी इतकी.

“आता मागं वळा,” हुसेनभाई म्हणाले, “नि तुमच्या बत्त्या बघा.”

मी वळलो. डोंगराच्या सोंडेवर पांढरा बुरूज दिसत होता. त्याच्या पुढं, खाली पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, मी बांधलेला पांढरा खांब. खांब बरोबर बुरुजाच्या खाली होता. ओळंबा धरून तपासला असता तरी सुताचा फरक निघाला नसता.

ज्यांना बंदरातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून येणाऱ्या बोटीला खाडीत शिरायची खोल पाण्याची वाट या दोन बत्त्या दाखवतात. एक मागं उंचावर, एक पुढं ठेंगणी. हेदूळला त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. तांडेलानं समुद्रात बोट अशी आणायची, की धाकटी नेमकी थोरलीच्या खाली यावी. मग नाक त्या रेषेवर धरून बिनघोर आत शिरायचं. एक बत्ती बाजूला सरकलेली दिसली तर समजायचं, आपली वाट चुकली. एवढा सोपा हिशेब, पण त्याच्यावर शेकडो माणसांचे जीव.

आता त्या दोन्ही बत्त्या एका रेषेत होत्या, आणि त्या रेषेवर मी गुडघाभर पाण्यात उभा होतो.

“उद्या काय होईल?” मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

“उद्या पुनव. उधाणाची ओहोटी आजच्याहून खोल जाणार. मोसमातली पयली लाँच दिवेलागणीला येणार, तीच ओहोटीची वेळ. तिला पाच फूट पानी लागतं. इथं दोन फुटांवर मिळायचं नाय.” हुसेनभाईंनी मला हात देऊन होडीत ओढून घेतलं. “वाळूवर बसली की मागून येणारी लाट तिला आडवी करील. शंभरावर मानसं असतील.”

हे साल १९६८. मी सव्वीस वर्षांचा, बंदराच्या कामावरचा ओव्हरसियर, आणि शिंगं नुकती फुटलेली.

जानेवारीत मी हेदूळला आलो होतो. तरीसाठी नवा धक्का बांधायचा आणि दोन्ही बत्त्या पक्क्या करायच्या, असं काम होतं. थोरली दगडी बुरुजावर होती, तिला फक्त चुना द्यायचा होता. धाकटीची मात्र मला लाज वाटली. सागवानी लाकडाचा चार पायांचा एक घोडा, त्याच्यावर कंदील, आणि घोड्याचे पाय माडाच्या दोन ओंडक्यांवर ठोकलेले. पाया नाही, चौथरा नाही. मंजूर नकाशात धाकटीची जागा होती तिथून हा घोडा अडतीस फूट पलीकडं.

ती बत्ती सुंदरबाय डोर्लेकर लावायची. नवरा बत्तीवर होता. तो गेल्यावर काम तिच्याकडं आलं. पन्नाशीची, अंगानं काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

“बत्ती जाग्यावर का नाही?” मी तिला दरडावून विचारलं होतं.

“जाग्यावरच हाय की.”

“नकाशात इथं आहे.”

“पावसात वाळू फिरते, सायेब. नारळी पुनव झाली की हुसेनभाई दोरीला शिसं बांधून पानी मोजत जातात. खोल पान्यात होडी हुबी करून ते हात करतात, नि ते हात करतील तशी मी हिला वडत न्हेते.”

“म्हणजे सरकारी दिवा तुम्ही वाटेल तिथं ठेवता?”

“वाटंल तितं कशाला ठेवू? पानी सांगंल तितं.”

मी हसलो होतो. हुसेनभाईंनीही तेव्हा मला दोनदा सांगून पाहिलं. मी त्यांना नकाशा दाखवला. त्यांना अक्षरओळख नव्हती, ते गप्प बसले, आणि मला वाटलं की मुद्दा पटला. मी रिपोर्टात लिहिलं: ‘पुढील दिव्याच्या देखभालीत अक्षम्य हयगय.’

मग एप्रिलपर्यंत मी खांब उभा केला. फूटभर जाडीचा, चौदा फूट उंच, लोखंडी सळयांचं काँक्रीट, वाळूत पाच फूट पाया. माझं पहिलं स्वतंत्र काम. वाळू मी गोड्या पाण्यानं तीनदा धुऊन घेतली, एकवीस दिवस खांबावर ओलं गोणपाट ठेवलं, मजूर कंटाळले तरी मी कंटाळलो नाही. घोडा धक्क्यावरच्या डांबराच्या पिंपाखाली घालून जाळून टाकला. पावसाळ्याच्या तोंडावर बंदर बंद झालं. आणि वरून छापील नोटीस निघून सगळ्या लाँचवाल्यांकडं नि गलबतवाल्यांकडं गेली: हेदूळच्या बत्त्या आता पक्क्या झाल्या आहेत, त्यांच्या रेषेवर यावं, आता गावचा वाटाड्या घेण्याची गरज नाही.

ही ती नोटीस आणि हा तो खांब. आणि चार महिन्यांच्या पावसानं वाळू आपल्या मर्जीनं फिरवली होती. खांब हलणारा नव्हता, म्हणून यंदा पाणी कुणी मोजलंही नव्हतं.

होडी काठाला लागली तेव्हा सुंदरबाय पुळणीवर उभी होती. माझ्या भिजलेल्या विजारीकडं तिनं एकदाच बघितलं. “किती?” तिनं हुसेनभाईंना विचारलं.

“गुडघा.”

ती वळून खांबाकडं चालायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पोस्टात पळालो. गावात फोन तेवढा एकच. जिल्ह्याच्या ऑफिसात लावून डेप्युटी इंजिनिअर गुप्तेसाहेबांना विचारलं, तर कारकून म्हणाला, “साहेब सकाळीच निघाले. उद्याच्या लाँचनं तुमच्याकडंच येताहेत. नव्या धक्क्यावर पहिली लाँच लागणार ना!”

माझे साहेब त्याच लाँचवर. मी फोन खाली ठेवला.

परत आलो तर हुसेनभाई म्हणाले, “मी होडी घेऊन बाहेर जाईन, लाँचला अडवीन. पण साहेब, तांडेल नवा हाय, परगावचा. नोटीस वाचून येणारा. तो माज्या होडीसाठी थांबेल याची खात्री नाय. नि उद्या अडवली समजा. परवा मंगळुरी कौलांचं गलबत येईल, तेरवा आनिक कोन. कुणाकुणाला अडवू?”

“बत्ती हलवायची,” मी म्हणालो.

“कशावर?” सुंदरबाय बोलली. “घोडा तर जाळलात.”

बरोबर होतं. चौदा फुटांवर कंदील धरील आणि हवा तिथं सरकेल असं काहीतरी हवं होतं, आणि एका दिवसात हवं होतं. बांबू पुरून चाललं नसतं. वाऱ्यानं कंदील डोलला की रेषाही डोलणार. मी धक्क्याकडं बघत बसलो. आणि बघता बघता माझं लक्ष दगड वाहायच्या ट्रॉलीवर गेलं. धक्क्याच्या कामासाठी आम्ही रुळांची जोडी टाकली होती, त्याच्यावर ती लोखंडी ट्रॉली चालायची. काम संपलं होतं, रूळ उचलून परत पाठवायचे राहिले होते.

“ते रूळ पुळणीवर आडवे टाकू,” मी म्हणालो. “ट्रॉलीवर लाकडी मनोरा, त्याच्यावर कंदील.”

हुसेनभाईंनी दाढी खाजवली. सुंदरबाय ट्रॉलीपाशी गेली, तिनं ती पायानं ढकलून बघितली. ट्रॉली हातभर सरकली.

“वडायला माज्या घोड्यापेक्षा हलकी हाय,” ती म्हणाली. त्या दिवसभरात मला ऐकू आलेलं पहिलं बरं वाक्य ते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही भिडलो. धक्क्यावरचे सहा मजूर होते, त्यांना घेऊन साठ फूट रूळ उखडले आणि पुळणीवर, भरतीच्या रेघेच्या वर, आडवे बसवले. वाळूत ते खचू नयेत म्हणून खाली माडाचे ओंडके टाकले. ते कुठं आणि किती अंतरावर टाकायचे हे सुंदरबायनं सांगितलं. माझ्या पुस्तकात माडाच्या ओंडक्यांचा धडा नव्हता. धक्क्याच्या कामातल्या उरलेल्या फळ्या घेऊन मी ट्रॉलीवर मनोरा जोडला. दुपारी जेवायची आठवण कुणालाच राहिली नाही.

चारच्या सुमाराला हुसेनभाई शिसं घेऊन बाहेर गेले. ते टाकत, दोरी मोजत, पुढं सरकत होते. आम्ही काठावरून बघत होतो. बऱ्याच वेळानं होडी एका जागी थांबली, नांगर पडला आणि हुसेनभाई लाल पंचा घेऊन होडीत उभे राहिले.

“हं,” सुंदरबाय म्हणाली, “आता ढकला. मी सांगते तसं.”

तिकडं पंचा डावीकडं हलला. मी ट्रॉलीला खांदा लावला.

“आनखी. आनखी, सायेब. जोर काय देवाला ठेवलात? आनखी. ऱ्हावा! थोडी मागं. वीतभर. ऱ्हावा.”

पंचा दोन्ही हातांनी वर गेला. मी चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या आणि फीत धरून मोजलं. माझ्या खांबापासून बेचाळीस फूट. पुळणीवर बेचाळीस फूट म्हणजे बाहेर खाडीच्या तोंडाशी रेषा दोनशे फुटांहून जास्त सरकलेली. माझा खांब लोकांना जिथं नेत होता तिथून खरी वाट दोनशे फूट पलीकडं होती.

मग खांबाचा प्रश्न आला. कंदील काढून ट्रॉलीवर नेला तरी संधिप्रकाशात पांढराशुभ्र खांब मैलावरून दिसणार. त्याच्यावर गोणपाट गुंडाळलं तर वाऱ्यानं दोनदा उडालं. शेवटी उरलेलं डांबर तापवलं आणि मी शिडी लावून खांब वरपासून खालपर्यंत काळा करून टाकला. एप्रिलमध्ये त्याला पांढरा रंग दिला तोही मीच, दोन हात.

सूर्य टेकला. थोरली लागली. सुंदरबायनं ट्रॉलीवर चढून धाकटी लावली, काच पदरानं पुसली आणि खाली उतरून हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही.

लाँच दिसली ती आधी नुसती एक ठिणगी. खाडीच्या तोंडाशी तिनं वळण घेतलं.  क्षणभर ती जुन्या रेषेकडं निघाल्यासारखी वाटली. तिकडं वाळूवर फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा अंधुक दिसत होता. मी मोठ्यानं ‘अरे’ म्हणालो, जणू तिला ऐकू जाणार होतं. मग तिचं नाक हळूहळू फिरलं. दोन्ही दिवे तिला एकावर एक दिसले असावेत. ती सरळ आली, पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडून, नांगरून थांबलेल्या हुसेनभाईंच्या होडीजवळून, आणि आत शिरली.

मी वाळूत बसलो. 

धक्क्यावर माणसं उतरली. हातात ट्रंका, काखेत पोरं. कुणी लाँचच्या धुराला नावं ठेवत होतं, कुणी न्यायला आलेल्या मेव्हण्याला शोधत होतं. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता आणि तो नव्हता हेच उत्तम. शेवटी गुप्तेसाहेब उतरले, कोरड्या बुटांनी. धक्का त्यांना आवडला. मग त्यांची नजर पुळणीकडं गेली.

“खराडे, खांब काळा का? आणि दिवा भलतीकडं कसा?”

मी सगळं सांगितलं, काही न लपवता. गुप्तेसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, रुमालानं कपाळ पुसलं.

“आज तुम्ही प्रसंग निभावलात, शाबास. पण उद्यापासून बत्ती मंजूर जागी.”

“साहेब, मंजूर जागेच्या रेषेवर गुडघाभर पाणी आहे!”

“तर तिथला गाळ काढायला प्रस्ताव पाठवू.”

“तो मंजूर होईपर्यंत?”

“खराडे, सरकारी बत्ती दरवर्षी इकडंतिकडं फिरते असं मी वर कसं लिहू? नोटीस छापली आहे. मला विचारतील, आधी काय झोपला होतात का?”

“आधी मी झोपलो होतो. तसं लिहा.”

ते चिडले. “तुम्ही काय लिहायचं ते मला शिकवू नका. खांब उभा आहे, तोवर बत्ती खांबावरच लागेल. नियम आहे तो. बत्तीवाली ऐकत नसेल तर दुसरी बघू.”

सकाळी जीपनं जाण्याआधी त्यांनी तसा लेखी हुकूम दिला. सुंदरबाय डोर्लेकर यांनी आज सायंकाळपासून दिवा खांबावर लावावा, न लावल्यास कामावरून कमी करण्यात येईल. मी तो तिला वाचून दाखवला. ती ऐकत असताना पाण्याकडंच बघत होती.

“मी नाय लावनार,” ती म्हणाली. “करू दे कमी. पन माज्या जाग्यावर दुसरी कोन येईल ती लावील, सायेब. तिला काय म्हाईत?”

मी हुकुमाची घडी करून खिशात ठेवली. खांब उभा आहे तोवर, असं साहेब म्हणाले होते. मी अवजारांच्या खोपटात गेलो आणि घण, छिन्नी, पहार आणि लोखंड कापायची करवत घेऊन पुळणीवर आलो. मागोमाग मजूर आले.

“कुणी हात लावायचा नाही,” मी म्हणालो. “हा सरकारी माल आहे. तुम्ही कुणी इथं नव्हता. जा घरी.”

ते गेले नाहीत. पण कुणी पुढंही झालं नाही, कारण मी तसं झालेलं चालवून घेतलं नसतं हे त्यांना दिसत होतं.

पहिला घाव घातला तो माझ्याच मनगटात परत आला. खांबावर ओरखडा उठला. दुसरा घाव, तिसरा. अर्ध्या तासानं मुठीएवढा कपचा निघाला. मी तीनदा धुतलेली वाळू, मी एकवीस दिवस पाजलेलं पाणी. मेहनतीनं केलेलं काम आता माझ्या छाताडावर बसलं होतं. जरा हयगय केली असती, तर आज किती बरं झालं असतं! दहा वाजेपर्यंत तळहाताला फोड आले, अकरापर्यंत फुटले. सुंदरबायनं पदराच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि माझ्या हातांना बांधल्या. मग ती दूर जाऊन बसली.

दुपारी सळया दिसायला लागल्या. चार होत्या. एकेक कापताना दंडातून कळा येत होत्या. मधेच ती उठून आली, खांबाभोवती फिरली, उघड्या पडलेल्या काँक्रीटवर तिनं बोट फिरवलं.

“काम चांगलं केलंवत हो,” ती म्हणाली.

थट्टा नव्हती ती. नोकरीतली माझी पहिली शाबासकी मला त्या खांबाबद्दल मिळाली, तो पाडताना. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मी पुन्हा करवत धरली.

साडेचारला खांबाला साखळी अडकवली, धक्क्यावरची कप्पी आणून कातळाला बांधली आणि ओढायला लागलो. खांब करकरला, कलला, थोडा थांबला आणि मग आडवा झाला. वाळू उडाली.  त्या संध्याकाळी हुकूम पाळायला खांबच नव्हता. धाकटी ट्रॉलीवर लागली.

चौकशी तीन आठवड्यांनी लागली. मुंबईहून मोठे साहेब आले होते. ऑफिसच्या व्हरांड्यात गुप्तेसाहेबांनी मला बाजूला घेतलं. ते थकलेले दिसत होते.

“खराडे, मी सगळं सांभाळून घेतलं आहे. पौर्णिमेच्या उधाणात लाटांच्या माऱ्यानं खांब पडला, असा रिपोर्ट दिला आहे. गावातलं कुणी बोलत नाही, मजूर बोलत नाहीत. आत तुम्हाला विचारतील तेव्हा फक्त ‘हो’ म्हणायचं. एवढं एक अक्षर. तुमचं वय काय, पुढं सगळी नोकरी पडली आहे.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माझं भलं करायचं होतं, हे मी आजही मानतो. त्यात त्यांचंही भलं होतं, पण म्हणून माझं नव्हतं असं नाही. मी मान हलवली आणि आत गेलो. एका अक्षराला माझी हरकत नव्हती. घरी आई होती, धाकटी बहीण लग्नाची होती. मी ‘हो’ म्हणायचं ठरवूनच खुर्चीवर बसलो.

मोठ्या साहेबांनी रिपोर्ट वाचायला सुरुवात केली. उधाण, वारा, लाटा, सगळं होतं. मी ऐकत होतो. मग ते शेवटच्या परिच्छेदावर आले: “पुढील उपाय. सदर खांब त्याच मंजूर जागी, दुप्पट खोल पाया घेऊन, भोवती दगडी कठडा बांधून, समुद्राच्या माऱ्यास टिकेल असा पुन्हा उभारण्यात यावा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“तुम्हीच ओव्हरसियर ना? खांब समुद्रानं पाडला, बरोबर?”

गुप्तेसाहेब टेबलाच्या कडेला उभे होते. त्यांनी हळूच मान डोलावून दाखवली.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “समुद्रानं त्याला बोटही लावलं नाही. मी पाडला. घणानं, दिवसाउजेडी, एकट्यानं.”

गुप्तेसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

“का?”

“चुकीच्या जागी होता. नकाशा बघून तिथं मीच बांधला होता. मला दोघांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.”

“आणि आम्ही तिथंच नवा बांधला तर?”

“तर आधी मला बडतर्फ करा साहेब. मी नोकरीत असलो आणि तो उभा राहिला, तर तोही पाडीन.”

मोठ्या साहेबांनी रिपोर्ट मिटून ठेवला. मग कोरा कागद माझ्याकडं सरकवला. “जे बोललात ते लिहा. खाली सही करा.”

मी लिहिलं. फोडांचे व्रण ताजे होते, अक्षर वाकडंतिकडं आलं. सही मात्र स्पष्ट केली. त्या सहीपायी मी चार महिने घरी बसलो, आणि माझ्या मागून नोकरीत आलेले दोघे माझ्या आधी साहेब झाले. हेदूळच्या पुळणीवर तो खांब पुन्हा कुणी बांधला नाही.